बेडकाच्या वृषणाची स्लाइड पाहून ऋतू कसा ओळखायचा

प्राणिशास्त्राच्या कुठल्याही प्रयोगशाळेतलं कपाट उघडा. लाकडी पेटीत ‘टी. एस. टेस्टिस – फ्रॉग’ अशी चिठ्ठी लावलेली स्लाइड हमखास सापडते. टी. एस. म्हणजे आडवा छेद, टेस्टिस म्हणजे वृषण. चिठ्ठीवर पुरवठादाराचं नाव असतं, कधी क्रमांक असतो. महिना नसतो. उंदराच्या वृषणाच्या स्लाइडवर महिना नसला तरी चालतं, कारण उंदराचं काम बारा महिने चालू. थंड प्रदेशातल्या, शीतनिद्रा घेणाऱ्या बेडकाचं तसं नाही. त्याच्या वृषणाचं जुलैतलं चित्र आणि जानेवारीतलं चित्र शेजारी ठेवली, तर दोन वेगळ्या प्राण्यांची वाटावीत.

एम.एस्सी.ला असताना माझ्या वाट्याला अशीच एक स्लाइड आली होती. नलिकांच्या कडेला मोजक्या मोठ्या पेशी, आतल्या बाजूला शुक्राणूंचे दाट जुडगे, मधलं काहीच नाही. मी जर्नलमध्ये लिहिलं, ‘शुक्रजनन जोरात चालू आहे.’ सरांनी लाल पेनाने शेजारी एकच शब्द लिहिला: ‘कुठे?’ तो शब्द कळायला मला आठवडा लागला. कणगी भरलेली दिसली म्हणजे शेतात पीक उभं आहे असं नव्हे. शुक्राणू हा तयार माल झाला. काम चालू आहे की नाही, हे मधल्या अवस्थांवरून कळतं. पुढची सगळी पद्धत या एका भेदावर उभी आहे.

उदाहरण म्हणून मी युरोपातला साधा तपकिरी बेडूक, राना टेम्पोरॅरिया, घेतो. तो शीतनिद्रा घेतो, त्याचं वर्ष स्वच्छ तुकड्यांत वाटलेलं असतं, आणि त्याच्या वृषणावर गेली अनेक दशकं काम झालं आहे. आपल्याकडच्या बेडकांकडे शेवटी येऊ. त्यांना हे वेळापत्रक जसंच्या तसं लावलं तर फसगत होते.

पायरी 1: स्लाइड मिळवा, बेडूक नको

यासाठी बेडूक मारायची गरज नाही, आणि भारतात विद्यार्थ्याने तसं करूही नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि 2014 मध्ये ते थांबवण्याची सूचना काढली. वन्य बेडूक पकडण्यावर वन्यजीव संरक्षण कायद्याचा अंकुश आहे, बेडकांच्या पायांची निर्यात तर 1987 पासून बंद आहे. (तरी गोव्यात पहिल्या पावसात ‘जंपिंग चिकन’च्या नावाखाली बुलफ्रॉग पकडले जातात. ऐन प्रजननाच्या रात्री, हे विशेष.)

जुन्या विभागांत मेणात बसवलेल्या ऊतकांचे ब्लॉक आणि स्लाइडच्या पेट्या धूळ खात पडलेल्या असतात. प्रयोगशाळा सहायकांना विचारा. नोंदवही सापडली तर ती स्लाइडपेक्षा मोलाची, कारण तारीख तिच्यात असण्याची शक्यता असते. वेगवेगळ्या महिन्यांच्या निदान तीन-चार स्लाइड जमवा. एकाच स्लाइडवरून ऋतूचा अंदाज बांधता येतो, पण डोळा तयार होतो तो तुलनेने.

पायरी 2: आधी कमी वर्धनावर फिरा

सूक्ष्मदर्शकाचं 10 पटीचं भिंग लावा आणि पाच मिनिटं काहीही न मोजता पूर्ण छेदावरून फिरा. बाहेर पातळ आवरण, आत शुक्रनलिकांचे गोल आणि लांबट छेद, नलिकांच्या मधल्या फटींत लायडिग पेशींचे (नर-संप्रेरक बनवणाऱ्या पेशींचे) पुंजके आणि रक्तवाहिन्या. तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. नलिका भरलेल्या दिसतात की पोकळ? काळे-निळे जुडगे आहेत का? मधल्या फटी रुंद आहेत की अरुंद?

इथे एक सापळा आहे. स्लाइड बेडकाची नसून भेकाची (टोडची) असेल, तर वृषणाच्या टोकाशी बिडर अवयव येतो. त्यात अपक्व अंडपेशी असतात: मोठ्या, गोल, स्पष्ट केंद्रक असलेल्या. त्यांना ‘प्रचंड स्पर्मॅटोगोनिया’ (शुक्राणूंच्या मूळ पेशी) समजून मोजणारे मी पाहिले आहेत. पुरवठादार भेकाच्या स्लाइडवर सर्रास ‘फ्रॉग’ लिहितात. अंडपेशींचा पट्टा दिसला तर तो सोडून पुढे जा, आणि चिठ्ठी दुरुस्त करा.

पायरी 3: पुटी वाचायला शिका

इथे घाई करू नका, बाकी सगळं यावर अवलंबून आहे.

सस्तन प्राण्यांच्या नलिकेत पेशींचे थर एकावर एक रचलेले असतात. बेडकात तसे थर नसतात. त्याच्या नलिकेच्या भिंतीला चिकटून पेशींच्या लहान-मोठ्या पिशव्या असतात, त्यांना पुटी म्हणतात. एका मूळ पेशीभोवती सर्टोली पेशींचं (आधार आणि पोषण देणाऱ्या पेशींचं) वेष्टन तयार होतं, आत ती पेशी विभागत जाते, आणि त्या पुटीतल्या सगळ्या पेशी जवळजवळ एकाच चालीने पुढे सरकतात. त्यामुळे एक पुटी म्हणजे एकच इयत्ता. एका नलिकेत पहिलीचा वर्ग, तिसरीचा वर्ग आणि पदवीचा वर्ग शेजारी शेजारी बसलेले असू शकतात, पण एका वर्गात मिसळलेली मुलं नसतात. वाचकाला ही मोठी सोय आहे: प्रत्येक पेशी ओळखत बसावं लागत नाही, पुटीतल्या चार-पाच पेशी ओळखल्या की पुटीचा क्रमांक ठरतो.

डच संशोधक व्हान ओर्ट यांनी 1956 मध्ये या बेडकाच्या चक्रावर केलेल्या कामापासून 0 ते 6 अशी क्रमवारी रुळली आहे. 40 पटीचं भिंग लावा आणि या क्रमाने शोधा.

अवस्था 0, प्राथमिक स्पर्मॅटोगोनिया. भिंतीला टेकलेली, एकटी, सगळ्यांत मोठी पेशी. केंद्रक फिकट, बहुधा खोलगट किंवा पालींचं. भोवती एखाद-दुसरी सर्टोली पेशी. ही वर्षभर सापडते, म्हणून तिच्या नुसत्या असण्यावरून ऋतू कळत नाही.

अवस्था 1 आणि 2, दुय्यम स्पर्मॅटोगोनिया. पेशी लहान झालेल्या, केंद्रक गोलसर आणि गडद. पुटीत दहापर्यंत पेशी असतील तर अवस्था 1, दहापेक्षा जास्त असतील तर 2. ही सीमारेषा सोयीसाठी ओढलेली आहे आणि एका छेदात पूर्ण पुटी कधीच दिसत नाही. त्यामुळे 9 की 11 यावर डोकं फोडू नका, पण एकदा ठरवलेला नियम मध्येच बदलू नका.

अवस्था 3, प्राथमिक स्पर्मॅटोसाइट. केंद्रक पुन्हा मोठं होतं आणि आत गुणसूत्रांचे धागे दिसू लागतात, लोकरीचा गुंडा सोडवायला घेतल्यासारखे. ही अवस्था बराच काळ टिकते म्हणून पुट्या भरपूर दिसतात. काम चालू आहे याचा सगळ्यांत भरवशाचा पुरावा हाच.

अवस्था 4, दुय्यम स्पर्मॅटोसाइट. ही फार थोडा वेळ टिकते. दहा नलिका पाहून एकही सापडली नाही तर तुमचा डोळा वाईट नाही. पेशी अवस्था 3 पेक्षा स्पष्टच लहान, धागे नाहीत.

अवस्था 5, स्पर्मॅटिड. आधी छोटे, गोल, गडद ठिपके. पुढे लांबट होत जाणारे.

अवस्था 6, शुक्राणूंचे जुडगे. काळी, बारीक डोकी सर्टोली पेशीत रुतलेली, शेपट्या नलिकेच्या पोकळीकडे. केरसुणी उलटी धरल्यासारखं दिसतं. डोकी रुतलेली आहेत की सुटून पोकळीत विखुरली आहेत, हा फरक वेगळा नोंदवा. पुढे लागणार आहे.

पायरी 4: मोजा, पण नेमानं

आधी मोजपट्टी जुळवा. स्टेज मायक्रोमीटरवर 1 मिलिमीटरचे 100 भाग असतात, म्हणजे एक भाग 10 मायक्रोमीटर. समजा, 40 च्या भिंगाखाली नेत्रिकेतले 40 भाग स्टेजच्या 10 भागांवर बसले. म्हणजे 40 भाग 100 मायक्रोमीटर, एक भाग 2.5 मायक्रोमीटर. प्रत्येक भिंगासाठी हा आकडा वेगळा काढा आणि सूक्ष्मदर्शकालाच चिकटवून ठेवा.

नलिकेचा व्यास मोजताना गोल छेदच घ्या. लांबट छेद म्हणजे तिरकी कापलेली नलिका, तिचा व्यास खोटा मोठा येतो. एका बेडकाच्या निदान 30 गोल नलिका घ्या आणि प्रत्येकीत अवस्थेनुसार पुट्या मोजा. 30 नलिकांत अवस्था 3 च्या मिळून 84 पुट्या आल्या, तर सरासरी नलिकेमागे 2.8. पेशी मोजायच्या नाहीत, पुट्या मोजायच्या. ही चूक इतकी होते की पुन्हा लिहितो: पुट्या.

मालिकेतले छेद असतील तर लागून असलेले दोन छेद घेऊ नका, तीच पुटी दोनदा मोजली जाईल. 5 मायक्रोमीटर जाडीचे छेद असतील तर प्रत्येक विसावा घ्या, म्हणजे मध्ये 100 मायक्रोमीटर अंतर पडतं. आणखी एक बारीक गोष्ट: मोठी पुटी जास्त छेदांत येते, लहान कमी छेदांत. त्यामुळे मोजणी पुढच्या अवस्थांच्या बाजूला थोडी झुकतेच. सगळे महिने एकाच पद्धतीने मोजले असतील तर तुलनेला धक्का लागत नाही.

शक्य असेल तर मैत्रिणीला सांगा, चिठ्ठ्या कागदाने झाकून स्लाइडचा क्रम बदलून दे. ‘ही डिसेंबरची’ हे माहीत असलं की डोळा डिसेंबरच पाहतो.

पायरी 5: आकडे वर्षावर बसवा

आता राना टेम्पोरॅरियाचं वर्ष. प्रजनन वसंतात, जागेनुसार फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत. बर्फ वितळतो न वितळतो तोच नर तळ्यावर हजर होतात. घाई कशाची, तर मादी काही दिवसांतच अंडी घालून निघून जाते. निद्रेतून उठून शुक्राणू तयार करायला बसलं तर काम उन्हाळ्यात संपेल. म्हणून या जातीने आदल्या उन्हाळ्यातच माल तयार करून ठेवायची रीत पत्करली आहे.

*प्रजननाच्या आठवड्यांत* जुडगे सुटतात. पिट्यूटरीतून (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून) येणाऱ्या संप्रेरकाच्या लाटेने सर्टोली पेशी शुक्राणूंना सोडते आणि नलिकेची पोकळी मोकळ्या शुक्राणूंनी भरते. जुडगे रुतलेले की सुटलेले, ही पायरी 3 मधली नोंद इथे कामी येते: रुतलेले म्हणजे साठवण, सुटलेले म्हणजे खर्च सुरू.

*प्रजनन उरकल्यावर* वृषण लहान, नलिका रित्या, कुठे कुठे उरलेले शुक्राणू. सर्टोली पेशींत मेद साठलेला असतो. मात्र नेहमीच्या मेणातल्या छेदांत तो अल्कोहोल आणि झायलीनने धुतला जातो आणि जागी पोकळ्या राहतात. मेद पाहायचा तर गोठवलेला छेद आणि सुदान ब्लॅक हा मेद रंगवणारा रंग लागतो. भिंतीलगत अवस्था 0 आणि मोजक्या 1, बाकी शांतता. हे चित्र आणि हिवाळ्यातलं चित्र गोंधळून जाऊ शकतं. फरक एकच पाहा: हिवाळ्यात जुडगे भरलेले असतात, इथे नसतात.

*मे-जून* मध्ये 1 आणि 2 च्या पुट्या वेगाने वाढतात, पाठोपाठ 3 दिसू लागतात. *जुलै-ऑगस्ट* म्हणजे सुगीआधीची धावपळ: 1 पासून 5 पर्यंत सगळे वर्ग भरलेले, नलिका फुगलेल्या, फटी अरुंद. विद्यार्थ्यांना दाखवायला याहून चांगली स्लाइड नाही, आणि पुस्तकातली चित्रं बहुधा याच काळातल्या वृषणासारखी असतात. म्हणूनच मुलांना वाटतं की बेडकाचं वृषण वर्षभर असंच दिसतं.

*सप्टेंबर-ऑक्टोबर* मध्ये कारखाना हळूहळू बंद होतो. नव्या पुट्या सुरू होत नाहीत, आधीच्या पुढे सरकत 6 पर्यंत पोचतात. काही मागे राहिलेल्या पुट्या झिजून जातात. त्यांत गडद, आकसलेली केंद्रकं दिसतात. त्यांना स्पर्मॅटिड समजू नका. स्पर्मॅटिडची पुटी आखीव असते, झिजणारी विस्कटलेली.

*नोव्हेंबरपासून फेब्रुवारी* शीतनिद्रा. कोणी तळ्याच्या तळाशी, कोणी जमिनीवर ओलसर आडोशाला. वृषणात दोनच गोष्टी: भिंतीलगत अवस्था 0, आणि आत रुतलेले भरगच्च जुडगे. 2, 3, 4, 5 जवळजवळ शून्य. माझी ‘कुठे?’वाली स्लाइड हीच होती.

म्हणजे निर्णयाचा आडाखा असा. 3 च्या पुट्या भरपूर असतील तर उन्हाळा. 3 नाहीत आणि जुडगे रुतलेले असतील तर निद्रा किंवा तिच्या उंबरठ्यावरचा काळ. 3 नाहीत आणि शुक्राणू सुटलेले असतील तर प्रजनन. दोन्ही नसतील तर नुकतंच आटोपलेलं प्रजनन.

हिवाळ्यात अवस्था 0 पुढे का जात नाही? थंडी हे उत्तर निम्मंच आहे. या जातीच्या प्राथमिक स्पर्मॅटोगोनिया वर्षाच्या त्या भागात पिट्यूटरीच्या संप्रेरकांनाच दाद देत नाहीत. बाहेरून संप्रेरक देऊनही काम सुरू होत नाही, अशा चक्राला खंडित चक्र म्हणतात. युरोपातल्याच हिरव्या खाद्य बेडकात, पेलोफायलॅक्स एस्क्युलेंटसमध्ये, हिवाळ्यात काम मंदावतं, पण ऊब किंवा संप्रेरक मिळालं तर पुन्हा चालू होतं. ते संभाव्य-अखंड चक्र. (हा बेडूक मुळात दोन जातींचा संकर आहे आणि त्याच्या नरांत शुक्रजनन बिघडलेलं असू शकतं. त्याच्या स्लाइडवर विचित्र पुट्या दिसल्या तर दोष ऋतूला देऊ नका.) तिसरा प्रकार अखंड चक्राचा, उष्ण प्रदेशातल्या काही जातींत.

पायरी 6: वृषणाबाहेरची साक्ष काढा

नोंदवहीत शरीराचं आणि वृषणांचं वजन असेल तर वृषण निर्देशांक काढा: वृषणांचं वजन भागिले शरीराचं वजन, गुणिले 100. 40 ग्रॅमच्या बेडकाची दोन्ही वृषणं मिळून 0.12 ग्रॅम असतील तर 0.3 टक्के. हा आकडा उन्हाळ्याच्या अखेरीकडे चढतो आणि प्रजननानंतर पडतो. एकटा मात्र फार बोलत नाही, कारण भरलेलं कोठार आणि चालू कारखाना दोन्ही वजनदारच.

मेदपिंड पाहा. वृषणाच्या वरच्या टोकाला पिवळ्या बोटांसारखे असतात, निद्रेत शिरताना फुगलेले, प्रजनन संपेपर्यंत सुकलेले. अंगठ्याची गादी पाहा: नर मादीला घट्ट धरून राहतो ती याच खडबडीत गादीच्या जोरावर, आणि ती टेस्टोस्टेरॉनच्या कुळातल्या संप्रेरकांवर वाढते. तिच्या जोडीने लायडिग पेशी पाहा. शुक्रजनन संपत आलं की त्या फुगतात, गादीही गडद होऊ लागते. म्हणजे ज्या थंडीत शुक्राणू बनवणं बंद असतं, त्याच थंडीत नराची बाकीची तयारी चालू असते. निद्रेला ‘सगळं बंद’ म्हणणाऱ्याला ही गादी दाखवावी.

शुक्राणू महिनोन्‌महिने नुसते पडून कसे राहतात, असा प्रश्न वर्गात येतोच. ते वृषणात हलत नाहीत. शरीरातल्या द्रवाची (त्यात विरघळलेल्या क्षारांची) तीव्रता त्यांना थोपवून धरते. गोड्या पाण्यात पडले, तीव्रता घसरली, की पोहू लागतात. याच तयार साठ्यावर एकेकाळी माणसांचं निदान चालत असे: अर्जेंटिनाच्या कार्लोस गाली माइनिनी यांनी 1947 मध्ये नर भेकाला स्त्रीचं मूत्र टोचून गर्भचाचणी केली. ती गरोदर असेल तर तिच्या मूत्रातल्या संप्रेरकाने भेकाच्या सर्टोली पेशी जुडगे सोडत, आणि काही तासांत भेकाच्या मूत्रात शुक्राणू दिसत.

पायरी 7: भारतीय बेडकाला हेच कोष्टक लावू नका

आपल्याकडे बुलफ्रॉग, होप्लोबॅट्रॅकस टायगरिनस, हिवाळ्यात आणि कोरड्या उन्हाळ्यात जमिनीत दडतो आणि पहिल्या जोरदार पावसाला पिवळाधमक होऊन वर येतो. इथे वेळापत्रक बांधतो तो पाऊस, बर्फ नव्हे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात श्रीनिवास सैदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बेडकांच्या प्रजननचक्रावर वर्षानुवर्षं काम केलं. डबक्याच्या पृष्ठभागावरून टणाटणा उड्या मारत जाणारा छोटा युफ्लिक्टिस त्या भागात जवळजवळ वर्षभर प्रजननक्षम असतो. त्याच्या जानेवारीतल्या स्लाइडवर 3 च्या पुट्या सापडल्या तर चिठ्ठी चुकीची नाही, जातच वेगळी आहे.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी जात, मग गाव, मग पुट्या, शेवटी ऋतू. जात माहीत नसेल तर पायरी 5 चा आडाखा वापरू नका. ‘काम चालू’ किंवा ‘काम बंद, साठा आहे’ एवढंच लिहा. तेवढं कुठल्याही बेडकाबद्दल खात्रीने म्हणता येतं.

नवा ब्लॉक करायची वेळ आलीच तर

परवानगीने चाललेल्या संशोधनात किंवा रस्त्यावर नुकत्याच मेलेल्या, पंचनामा झालेल्या बेडकाच्या बाबतीत ऊतक मिळू शकतं. मृत्यूनंतर काही तासांतच पुट्या विस्कटतात, त्यामुळे शिळं ऊतक घेऊ नका. बुआँचं द्रावण वापरा: संपृक्त पिक्रिक आम्ल 75 भाग, फॉर्मॅलिन 25, ग्लेशियल अॅसिटिक आम्ल 5. 18 ते 24 तास ठेवा, मग 70 टक्के अल्कोहोलमध्ये पिवळेपणा जाईपर्यंत धुवा. पिक्रिक आम्ल कोरडं पडलं तर स्फोटक होतं. बाटलीच्या झाकणाशी जमलेले कोरडे खडे दिसले तर झाकण फिरवू नका, जबाबदार माणसाला बोलवा. मेणात बसवून 5 मायक्रोमीटरचे छेद, हिमॅटॉक्सिलीन-इओसिनची रंगाई. पुट्यांसाठी एवढं पुरे.

आणि चिठ्ठी. जात, नर, गाव, तारीख, पकडला तेव्हा पाण्याचं किंवा मातीचं तापमान, गादीचा रंग, छेदाचा क्रमांक. ऊतकाबरोबर बाटलीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा. पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, आणि महिना तिच्याबरोबर जातो.